खुब्याचं फ्रॅक्चर, झिजलेलं हाड आणि झोलेड्रॉनिक ॲसिडची वेळ: कळव्यातलं एक प्रकरण

रुग्ण ७२ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो, कळव्याला बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. जूनच्या सुरुवातीला मोरीत पाय सरकून डाव्या कुशीवर पडल्या. उठता येईना; डावा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. एक्सरेत खुब्याच्या सांध्याखाली, ट्रोकँटरमधून (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळच्या उंचवट्यातून) गेलेलं फ्रॅक्चर. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात रॉड टाकून ऑपरेशन झालं. स्क्रूचं टोक मांडीच्या हाडाच्या डोक्यात मध्यभागी, दोन्ही एक्सरेंत मिळून स्क्रूच्या टोकापासून त्या डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर २१ मिलिमीटर, म्हणजे २५ च्या सुरक्षित मर्यादेच्या आत. हे आधीच सांगितलं, कारण स्क्रू चुकीच्या जागी बसला असेल तर पुढचं कुठलंही औषध तो सावरू शकत नाही.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलं आहे. रुग्ण कुणी एक व्यक्ती नाही, पण यातला एकेक टप्पा ठाण्या-कळव्यातल्या हाडांच्या ओपीडीत नेहमी दिसणारा आहे.

मोडलेलं हाड आणि झिजलेलं हाड

उभ्या उंचीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं, तर ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं झिजण्याच्या आजाराचं, निदान तिथेच झालं. त्यासाठी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनची वाट बघायची गरज नाही. डेक्सा नंतर तुलनेसाठी करायचा, उपचाराची परवानगी मिळवायला नाही. भुसभुशीत भिंतीत ठोकलेला खिळा खिळ्याच्या दोषाने निघत नाही, तसंच इथे आहे: रॉड तुटलेले भाग धरून ठेवतो, हाडाचा दर्जा होता तसाच राहतो. आणि एक खुबा मोडलेल्या माणसाला पुढची एक-दोन वर्षं दुसरं हाड मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

आजींची जुनी फाईल उघडल्यावर हा आजार अचानक आलेला नाही हे लगेच कळतं. ५८ व्या वर्षी डाव्या स्तनाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया, परळला किरणोपचार, मग पाच वर्षं लेट्रोझोल. पाळी गेल्यावर शरीरात जे थोडंफार इस्ट्रोजेन तयार होतं, तेही हे औषध बंद करतं. कॅन्सरसाठी ते हवंच होतं, पण त्याची किंमत हाडं मोजतात. म्हणून लेट्रोझोल सुरू करताना डेक्सा करून हाडांचं औषध जोडायचा विचार व्हायला हवा. या फाईलमध्ये डेक्सा एकदाही नाही. ६६ व्या वर्षी उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर आणि महिनाभर कॅल्शियमच्या गोळ्या, विषय संपला. ती पहिली हाक होती आणि ती कुणीही ऐकली नाही.

कॅन्सरच्या फाईलमध्ये उंची १५२ सेंटीमीटर लिहिलेली. आत्ताची अंदाजे १४७. चार सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची कमी झाली असेल तर पाठीचा बाजूने एक्सरे काढायचाच. इथे पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपलेले निघाले. दोन्ही जुने, आजींनी ‘वयाची पाठदुखी’ म्हणून सोडून दिलेले.

कॅन्सरचा इतिहास असताना आणखी एक प्रश्न टाळून चालत नाही: हे फ्रॅक्चर झिजेमुळे की हाडात उतरलेल्या गाठीमुळे? ऑपरेशनच्या वेळी रॉडसाठी पोकळी कोरताना निघालेला हाडाचा भुगा पॅथॉलॉजीला पाठवला. त्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत. मणक्यांच्या एमआरआयमध्ये गाठीची खूण नाही. रक्तातल्या प्रथिनांची तपासणी, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, तीही स्वच्छ, म्हणजे मायलोमाची (मज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरची) खूण नाही. ही खात्री झाल्याशिवाय हाडाचं औषध निवडायला बसू नये.

डिस्चार्जआधी ‘देऊन टाकायची’ घाई

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी केसपेपरवर ओळ आली: डिस्चार्जच्या आधी झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिग्रॅ द्यावे. हे हाडांची झीज रोखणारं, शिरेतून द्यायचं औषध. या घाईमागची काळजी खरी आहे. घरी गेलेला रुग्ण हाडाच्या औषधासाठी परत येत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. तरी इथे ती ओळ खोडावी लागली, कारणं तीन.

पहिलं कारण मूत्रपिंड. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.२ आलं होतं आणि रिपोर्टवर ते ‘नॉर्मल’ रकान्यातच होतं. पण ४८ किलोच्या बाईचा १.२ आणि ८० किलोच्या पुरुषाचा १.२ एक नव्हे. मूत्रपिंड मिनिटाला किती मिली गाळतं याचा हिशेब असा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणायचं. ६८ गुणिले ४८ म्हणजे ३२६४, भागिले ८६.४ म्हणजे ३७.८, त्याच्या ०.८५ पट म्हणजे ३२. झोलेड्रॉनिकची मर्यादा मिनिटाला ३५ मिली. त्याखाली हे औषध द्यायचं नाही, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आजींना पडल्यापासून धड पाणी गेलं नव्हतं आणि वर दिवसातून दोनदा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सुरू होतं. डायक्लोफिनॅक बंद करून पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ दिवसातून तीनदा लावलं. फारच दुखलं तर ट्रॅमाडॉलची लहान मात्रा. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडाला जड असतातच, शिवाय लांबली तर हाड जुळण्यातही आडकाठी करू शकतात.

दुसरं कारण ड जीवनसत्त्व. पातळी ९ नॅनोग्रॅम प्रति मिली, हाडातून कॅल्शियम ओढून काढणारं पॅराथायरॉइड हार्मोन ११२ पिकोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीला टेकत आलेलं. फॉस्फरसही कमी. कॅल्शियम ८.२ दिसत होतं, पण कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, ३.० म्हणजे कमी होतं, दुरुस्ती करून कॅल्शियम ९.० भरतं. याचा अर्थ रक्तातलं कॅल्शियम टिकलं होतं ते हाडं ओरबाडून. ही ओरबाडणारी यंत्रणा झोलेड्रॉनिक काही दिवसांत बंद करतं. आतड्यातून कॅल्शियम येत नाही, हाडातूनही येणं थांबलं, की रक्तातली पातळी कोसळते: ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, पोटऱ्यांत गोळे, गंभीर असेल तर झटके आणि हृदयाची लय बिघडणं. शिवाय इतक्या कमी ड पातळीत हाड नुसतं विरळ नसतं, मऊही असू शकतं. त्यावर खनिज बसलेलंच नसतं. तिथे आधी ड हेच औषध.

तिसरं कारण वेळेचं. झोलेड्रॉनिक शिरेतून गेल्यावर हाडातल्या खनिजाला जाऊन चिकटतं, आणि जिथे हाडाची उलाढाल सर्वात जोरात तिथे सर्वात जास्त. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत फ्रॅक्चरच्या जागेलाच ते जास्त चिकटण्याची शक्यता असते, आणि बाकीच्या सांगाड्याच्या वाट्याला कमी येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे औषध देणारा २१२७ रुग्णांचा मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नवीन फ्रॅक्चर औषध घेणाऱ्यांत ८.६ टक्के, न घेणाऱ्यांत १३.९ टक्के, मृत्यू ९.६ विरुद्ध १३.३ टक्के. त्याच आकड्यांची नंतर फोड केली तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत औषध दिलेल्यांना हा फायदा दिसला नाही, त्यानंतर दिलेल्यांना दिसला. त्या अभ्यासात ड कमी असलेल्यांना औषधाच्या दोन आठवडे आधी ५० हजार ते सव्वा लाख युनिट दिले होते, हेही विसरू नये. औषध तेच, ते कामाला येतं ते आधीच्या तयारीमुळे.

दुसरी औषधं का नाहीत

दोन मणके चेपलेले आणि खुबा मोडलेला, अशा रुग्णात आमचा पहिला विचार टेरिपॅराटाइडचा असतो. रोज २० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, जास्तीत जास्त दोन वर्षं. ते झीज थांबवत नाही, नवीन हाड घडवतं, आणि मणक्यांची नवी फ्रॅक्चर टाळण्यात झीज थांबवणाऱ्या रिसेड्रोनेटच्या गोळीपेक्षा सरस ठरलं आहे. पण आजींच्या छातीला किरणोपचार झालेले. बरगड्या आणि छातीचं हाड किरणांच्या वाटेत येतात, आणि सांगाड्यावर किरणोपचार झालेल्यांना टेरिपॅराटाइड देत नाहीत. हाडाच्या कॅन्सरची भीती हे त्यामागचं कारण. प्रश्न तिथेच मिटला. याच इंजेक्शनबद्दल ‘हाड लवकर जुळतं’ असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र जपून ऐकावं. मनगटाच्या फ्रॅक्चरमध्ये २० मायक्रोग्रॅमने जुळण्याचा काळ ९.१ वरून ७.४ आठवड्यांवर आला, पण ४० मायक्रोग्रॅमने फरक पडला नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये तसा फायदा सिद्ध झालेला नाही. ते द्यायचं ते पुढची फ्रॅक्चर टाळण्यासाठी.

झीज दाबून ठेवणारं दुसरं इंजेक्शन डेनोसुमॅब, ६० मिग्रॅ दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. मूत्रपिंडाची अट नाही, म्हणून आकर्षक वाटतं. त्यातली अडचण पुढे येते. मात्रा चुकली की दाबून ठेवलेली झीज उसळून वर येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके चेपू शकतात. आजी गणपतीला चिपळूणला जातात त्या दिवाळीपर्यंत तिकडेच राहतात. मुलगा रबाळ्याला कारखान्यात शिफ्टवर, सून एकटी सगळं सांभाळणारी. सहा महिन्यांची तारीख आयुष्यभर काटेकोर पाळली जाईल असं इथे गृहीत धरता येत नाही. झोलेड्रॉनिक हाडात बराच काळ टिकून राहतं. महिना-दोन महिने उशीर ते सोसतं.

ॲलेन्ड्रोनेटची ७० मिग्रॅची आठवड्याची गोळी स्वस्त आणि चांगली. पण ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. आजींना जुनं पित्त, पाच वर्षं पॅन्टोप्राझोल सुरू. गोळी दोन महिन्यांत बंद पडली असती.

‘मग जुळणंही थांबेल ना?’

सुनेचा प्रश्न नेमका होता: “हे औषध हाडाची उलाढाल थांबवतं म्हणता, आणि आईंचं हाड तर अजून जुळायचंय. मग जुळणंही थांबेल ना?”

मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ कॅलस (तुकडे जोडणारा नवा थर), मग त्यावर खनिज बसून कडक कॅलस तयार होतो. हे बांधकाम हाड घडवणाऱ्या पेशींचं. हाड खाणाऱ्या पेशी मुख्यतः शेवटी येतात आणि जास्तीचा कॅलस कोरून हाडाला मूळ आकार देतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं. झोलेड्रॉनिक या खाणाऱ्या पेशींना रोखतं. त्यामुळे कॅलस थोडा मोठा राहतो, कोरीवकाम संथ होतं, पण दोन तुकडे एकमेकांना धरायचे थांबत नाहीत. वरच्या अभ्यासात न जुळलेल्या फ्रॅक्चरचं प्रमाण औषधाने वाढलं नाही. हाड जुळू न देणारी खरी कारणं या घरात वेगळी होती, आणि त्यातलं एक आजींच्या उशाशी डबीत होतं.

ती मशेरी. दिवसातून तीन-चार वेळा. ‘दातांसाठी लावते, खात नाही’ असं आजी म्हणतात, पण निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातंच, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कॅलसला रक्त कमी पडतं. तंबाखूची सवय विचारताना विडी-सिगारेट विचारून थांबणाऱ्यांच्या हातून ही निसटते. मशेरीमुळे तोंड तपासलं, तर खालच्या जबड्यातली एक दाढ हलत होती. झोलेड्रॉनिकनंतर दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हे फार दुर्मीळ, पण काढायचीच असलेली दाढ आधी काढायला कुठे अडतं? दुसऱ्या आठवड्यात दाढ काढली आणि जखम भरायला तीन आठवडे मोकळे ठेवले.

सहा आठवड्यांची तयारी

औषधाचा दिवस सहाव्या आठवड्याचा ठरवला, कारण त्या दिवशी एक्सरेसाठी यायचंच होतं. आजींना खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी तीन मजले उतरवायचं, रिक्षात बसवायचं, परत वर न्यायचं, हे काम एका महिन्यात दोनदा सांगितलं तर एक फेरी हमखास गळते. डिस्चार्ज कार्डवर औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि त्याच्या आठवडाभर आधीच्या रक्ततपासण्या मराठीत लिहून दिल्या. तपासणीवाला घरी येऊन रक्त नेईल, हेही त्यातच.

ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी पहिल्या आठवड्यात दोनदा, मग दर रविवारी एक, जेवणानंतर दुधातून. प्रत्येक पुडीवर पेनने तारीख घातली, कारण ‘आठवड्यातून एक’ची ‘रोज एक’ झालेली उदाहरणं आहेत आणि त्यातून कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात. सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन मुद्दाम टाळलं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वर्षातून एकदाच पाच लाख युनिट घेतलेल्या वृद्ध स्त्रिया न घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

कॅल्शियम सिट्रेट निवडलं, कार्बोनेट नाही. कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं आणि पॅन्टोप्राझोल तेच कमी करतं. नुसतं कॅल्शियम ५०० मिग्रॅ भरेल अशी मात्रा रात्री एकदा, उरलेलं ताटातून. नाचणीच्या एका मध्यम भाकरीत दीडशे-पावणेदोनशे मिग्रॅ, कपभर दह्यातही साधारण तेवढं किंवा थोडं जास्त, आणि काट्यासकट खाल्लेली मांदेली किंवा सुकट. प्रथिनं किलोला १.२ ग्रॅम धरली तर दिवसाला ५८ ग्रॅम लागतात. आजी जेमतेम निम्मी घेत होत्या. पेज, चहा-बिस्किट आणि वरणाचं पाणी हा ‘आजारपणाचा आहार’ बंद करून दोन अंडी, वाटीभर उसळ, दुपारी मासे किंवा पनीर सुरू केलं. हाडाचा बराच मोठा भाग प्रथिनांचाच असतो.

पाचव्या आठवड्याचे आकडे: क्रिएटिनिन १.०, म्हणजे त्याच हिशेबाने ३८.५, ड ३१, दुरुस्त कॅल्शियम ९.४. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं विकर वाढलेलं होतं, पण जुळणाऱ्या हाडात ते वाढतंच, त्यावरून औषध अडवायचं नाही.

बाटली, आणि नंतरचा ताप

औषध आणायला मुलगा गेला आणि ४ मिग्रॅची कुपी घेऊन आला. दुकानदाराने फाईलवर कॅन्सरचा शिक्का बघितला असावा. झोलेड्रॉनिक दोन मात्रांत मिळतं: ४ मिग्रॅ हाडात उतरलेल्या कॅन्सरसाठी, ती तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते; आणि ५ मिग्रॅ, १०० मिलीच्या तयार बाटलीत, ऑस्टिओपोरोसिससाठी वर्षातून एकदा. चिठ्ठीवर नुसतं ‘झोलेड्रॉनिक’ लिहू नये. ‘५ मिग्रॅ, १०० मिली, वर्षातून एकदा’ असं पूर्ण लिहावं. कुपी बदलून बाटली आणली.

घरून निघताना दोन पेले पाणी, दवाखान्यात आधी ५०० मिली नॉर्मल सलाइन सावकाश, पॅरासिटामॉल ६५०. मग बाटली वेगळ्या लाइनमधून ३० मिनिटांत. कमीत कमी १५ मिनिटं चालतात, पण मूत्रपिंड मर्यादेच्या जवळ असताना घाई करण्यात अर्थ नाही. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, त्यामुळे त्याच लाइनमधून हे औषध सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०१ ताप, अंग मोडून आलेलं, डोळे दुखतायत. जुलै महिना, इमारतीत डेंग्यूचे दोन रुग्ण; शेजारच्या दवाखान्यातून प्लेटलेट, मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या लिहून आल्या. झोलेड्रॉनिकच्या पहिल्या मात्रेनंतर सुमारे तिघांतल्या एकाला ताप, अंगदुखी असा त्रास होतो, बहुधा तीन दिवसांत उतरतो, आणि पुढच्या वर्षी फारसा होत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं नसेल तर दोन गोष्टी होतात: एक तर घाबरून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं जातं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मूत्रपिंडाला ते नको असतं, किंवा मग ‘त्या सुईने आई आजारी पडली’ म्हणून पुढची मात्रा कायमची बंद. तपासण्या करायला हरकत नव्हती, पावसाळ्यात त्या कराव्यातच. सगळ्या निगेटिव्ह आल्या. ऑपरेशनची जखमही उघडून पाहिली: लाली नाही, पू नाही, दाबल्यावर वाढती वेदना नाही. तीन दिवसांनंतरही ताप राहिला असता तर औषधावर ढकलता आला नसता. तिसऱ्या दिवशी उतरला. दहाव्या दिवशीचं दुरुस्त कॅल्शियम ८.९, मुंग्या नाहीत.

बारावा आठवडा आणि पुढे

एक्सरेत चारपैकी तीन कडांवर कॅलसचा पूल, स्क्रू जागेवर. वॉकर धरून पूर्ण वजन टाकत घरात फिरणं सुरू. दुसऱ्या खुब्याचा डेक्सा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा) उणे ३.१, कमरेचा उणे २.६. कमरेचा आकडा बरा दिसतो तो फसवा आहे, कारण चेपलेला मणका आणि वयाने वाढलेली हाडाची टोकं स्कॅनमध्ये दाट दिसतात. पुढची तुलना खुब्याच्या आकड्यावर आणि त्याच मशीनवर करायची.

मशेरी पूर्ण सुटलेली नाही. दिवसातून एकदावर आली आहे आणि प्रत्येक भेटीत विचारली जाते. मोरीत खरबरीत फरशी आणि भिंतीला दोन दांडे बसवले. रात्री उठताना चक्कर येत होती, ती रक्तदाबाची गोळी रात्रीऐवजी सकाळी दिल्यावर कमी झाली.

आखणी तीन वार्षिक मात्रांची आहे, मग पुन्हा विचार. मणके आणि खुबा दोन्ही मोडलेले असल्यामुळे आजींच्या बाबतीत औषधाला लगेच सुट्टी मिळेल असं नाही. दरवर्षी मात्रेच्या आठवडाभर आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड आणि दात, आणि मूत्रपिंडाचा हिशेब त्या दिवशीच्या वजनाने नव्याने मांडायचा. वय एका वर्षाने वाढलं की आकडा आपोआप खाली येतो. ३५ च्या खाली गेला तर तेव्हा डेनोसुमॅबचा विचार, सहा महिन्यांच्या तारखांची जबाबदारी कोण घेणार हे ठरवूनच. मधल्या काळात जांघेत किंवा मांडीत नवीन ठसठस सुरू झाली, तर स्नायूंचं दुखणं समजून चोळत बसायचं नाही. दोन्ही मांड्यांचा पूर्ण लांबीचा एक्सरे काढायचा. बरीच वर्षं हे औषध घेतलेल्यांत क्वचित मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला आडवी भेग पडते आणि पूर्ण मोडण्याआधी बहुतेकदा काही आठवडे दुखते. ही सूचना सुनेच्या फोनमध्ये पुढच्या मात्रेच्या तारखेखाली लिहून दिली आहे, आणि चिपळूणच्या घरच्यांनाही पाठवली आहे.